अकरा भागिले पाच

हिंजवडीच्या ऑफिसात दुपारी डबा उघडत होते, तेवढ्यात मोबाइलवर मेसेज आला : गोवंडे सर गेले. वाचला, आणि जेवले. पोटभर जेवले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात... ज्यांना बोलायचं नसेल त्यांनी बोलू नये.

सर सदाशिव पेठेत गणिताच्या शिकवण्या घ्यायचे आणि देशाच्या ज्युनिअर मुलींच्या व्हॉलीबॉल संघाचे प्रशिक्षकही होते. शिकवायचे उत्तम, हे नाकारणार नाही. सेटर म्हणून, म्हणजे मारणारीला चेंडू उचलून देणारी म्हणून, मी जी काही घडले ती त्यांच्या ओरडण्यावरच. "अहो राजकन्या, चेंडू आपल्याकडे चालत येणार नाही, आपण जायचं!" तेव्हा परदेशी कंपन्या नुकत्याच देशात यायला लागल्या होत्या आणि आम्हाला पहिल्यांदाच झकास बूट मिळाले होते. विभागीय स्पर्धा पुण्यातच होती. पाच देश, पहिला येणारा आशियाई स्पर्धेला, तिथले वरचे जागतिक स्पर्धेला. माझं वयात बसायचं ते शेवटचं वर्ष. हुकलं की संपलं.

शेवटच्या सामन्यात आम्ही पहिले दोन सेट जिंकले. आणखी एक घेतला की पात्र. आणि सरांनी आम्हा सहाही जणींना बाहेर बसवलं.

"सर, एकच सेट राहिलाय," मी म्हणाले.

"आशियाईत भेटणाऱ्या संघांची मंडळी वर गॅलरीत टिपणं काढतायत. आपले डाव त्यांना फुकट का दाखवायचे? हरलो तरी पुरतंय. गणित मला शिकवू नका."

बदली मुली ओळीने तीन सेट हरल्या. आमच्याइतकेच सामने जिंकलेला आणखी एक संघ होता, आणि अशा वेळी सेट मोजतात. आम्ही अकरा जिंकलेले, पाच हरलेले. त्यांनी नऊ जिंकलेले, चार हरलेले. सरांनी वजाबाकी केली होती : आमचे सहा, त्यांचे पाच. नियमात होता भागाकार. अकराला पाचाने भागलं की दोन पूर्णांक दोन दशांश, नवाला चाराने भागलं की सव्वादोन. गणिताचा मास्तर आणि ही अक्कल!

चूक होते हो माणसाकडून. पण दुसऱ्या दिवशी पेपरात सर म्हणत होते, "सेटर दमली होती, तिनेच बदली मागितली." मी! पुढे सीनिअर संघाच्या निवडीला दोनदा गेले, दोन्ही वेळा समितीतल्या कुणीतरी विचारलंच, "दम टिकतो ना आता?" मग मुकाट्याने कॉम्प्युटरचा कोर्स केला. सर रस्त्यात भेटले की स्कूटर हळू करायचे, मान हलवायचे, निघून जायचे. माफी सोडाच, एक शब्द नाही. चीड येते अजून.

तेराव्यानंतर, आईने फारच लावून धरलं म्हणून सरांच्या घरी भेटायला गेले. सरांच्या पत्नीने, काकूंनी, शिकवणीची खोली दाखवली. फळ्यावर सरांच्या अक्षरात दोनच ओळी होत्या : ११ ÷ ५, ९ ÷ ४.

"प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी हेच विचारायचे, मोठं कोणतं," काकू म्हणाल्या. "कुणी भागायचं सोडून वजाबाकीवरून सांगितलं की म्हणायचे, बाबा रे, ही चूक एका मुलीला फार महागात पडली. कोण गं ती? मला कधी सांगितलं नाही त्यांनी."

"मी," म्हणाले. "आणि काकू, मी दमले नव्हते."