अब्बांच्या डोळ्यातला कापूस

अब्बांचा उजवा डोळा झोपेतही उघडा असायचा. चेहऱ्याच्या नसेवर, कानामागे, गाठ होती. ऑपरेशनात गाठ गेली आणि तिच्याबरोबर नसही. चेहऱ्याची एक बाजू ओघळली, पापणी मिटेना. दुपारी ते घोरत असत आणि तो डोळा माझ्याकडे बघत असे. मला भीती वाटायची, सख्ख्या बापाची.

डॉक्टरांनी बजावलं होतं: तासातासाला थेंब, झोपताना मलम, वरून पट्टी. गाठीने शेजारची नसही दाबली होती, त्यामुळे बुबुळाला दुखणं कळणार नाही, म्हणून हात लावायचाच नाही. आम्ही त्यातलं ऐकलं काय, तर दुखणार नाही एवढंच.

अब्बा पट्टी काढून यंत्रमागाच्या कारखान्यात जायचे. लूमवर तुटलेला धागा एका डोळ्याने सापडत नाही म्हणे. परतले की उघड्या डोळ्यात कापसाचे तंतू बसलेले. लूमवाल्यांच्या घरात याला एकच इलाज. ओढणीच्या टोकाची गुंडी करायची, तोंडाची वाफ द्यायची आणि टिपून घ्यायचं. लहानपणापासून मी घरादाराचे डोळे असेच टिपलेत. माझ्या हाताला गुण आहे म्हणायचे सगळे, आणि मी शेफारले होते.

एके दुपारी एक पांढरा ठिपका काही केल्या निघेना. मी पुन्हा वाफ दिली, पुन्हा पुसलं.

"दुखतंय का अब्बा?"

"न्हाय ग. पुस तू."

मी जोर लावून पुसलं. तो कापूस नव्हता. ती बुबुळावरची जखम होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बॅटरी मारून विचारलं, "डोळा कोणी चोळला?" अब्बा म्हणाले, "मीच चोळला."

डोळा झाकलेला राहावा म्हणून डॉक्टरांनी पापण्या कडेने शिवल्या. अर्ध्या अर्ध्या तासाला औषध. मी डोळ्यांत तेल घालून वेळा पाळल्या. जखम भरली, पण पांढरा डाग राहिला. त्या डोळ्याला आता फक्त उजेड कळतो.

आजही थेंब घालायला गेले की अब्बा मान मागे टाकतात. शिवलेल्या पापण्यांच्या फटीतून तो ठिपका दिसतो आणि माझी बोटं आपोआप ओढणीचं टोक शोधू लागतात. म्हणून हल्ली मी ओढणी पाठीमागे घट्ट बांधून जाते.

परवा अब्बांच्या ते लक्षात आलं. "सोड ग ती ओढणी," ते म्हणाले. "मला तुझी भीती न्हाय वाटत."

मी सोडली नाही. थेंब घातला.