डॅशबोर्डमागची हळद

ताराबाईंच्या शब्दावर कोणी संशय घ्यावा, हे आजवर घडलं नव्हतं. तेहतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलेली बाई. कागद कुठे गेला म्हणून विचारलं, की कपाट, कप्पा आणि तारीख तोंडपाठ सांगायची. त्यामुळे यंदाच्या डिसेंबरात तीन मेकॅनिकांनी त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेलं, तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

म्हणणं तरी केवढं? गाडीत डाव्या पायापाशी पाणी गळतं, आणि ते एसीचं नाही. गाडी वीस वर्षांची, पांढरी, नवऱ्याच्या मागे राहिलेली. श्रीधरराव होते तोवर त्यांनी बायकोला कधी बॉनेटला हात लावू दिला नाही. "तुला त्यातलं कळत नाही," हे त्यांचं वाक्य. चार वर्षांपूर्वी ते गेले आणि ताराबाई अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकल्या. आता नागपुरात बेस्यातल्या घरापासून बर्डीच्या बाजारापर्यंत त्या अशा चालवतात, की रिक्षावाले बाजूला होतात.

पहिला मेकॅनिक घराजवळचा. त्याने दारातूनच आत डोकावून सांगितलं, एसीचं पाणी आहे, नळी साफ केली की झालं. थंडी पडल्यापासून एसी लावलेलाच नाही, हे ताराबाईंनी दोनदा सांगितलं. त्याने नळी साफ केली. दुसरं एक चकाचक वर्कशॉप. तिथल्या टाय लावलेल्या मुलाने "मॅडम, घरी सर आहेत का, त्यांच्याशी बोलतो," असं विचारलं. सर भिंतीवर आहेत, हार घालून, असं ताराबाई म्हणाल्या आणि गाडी घेऊन बाहेर पडल्या. तिसऱ्याने निदान हिटरचं नाव काढलं. पण नागपुरात हिटर कोणाला लागतो, दोन्ही पाइप एकमेकांना जोडून टाकू, कायमची कटकट गेली, असं त्याचं मत पडलं. पुण्याहून मुलगा आयुष फोनवर म्हणाला, आई, विकून टाक. म्हणजे ज्याला जे तोडता येईल ते त्याने तोडावं. बाई काय सांगते, ते मात्र कोणी ऐकू नये.

ताराबाईंपाशी पुरावा होता. पायपुसणं वाळलं की चिकट लागायचं. गाडीत पाक करपल्यासारखा गोडसर वास यायचा. सकाळी काचेवर आतून धुकं धरायचं आणि फडका मारला तरी तेलकट फराटे राहायचे. समोरचा ट्रक दिसेना म्हणून दोनदा त्यांनी गाडी कडेला घेतली होती. रेडिएटरच्या डब्यातली रेघ रोज बोटभर खाली. याचं उत्तर कोणी द्यायला तयार नव्हतं.

शेवटी ताराबाई शहराबाहेर वाडीला गेल्या. अमरावती रोडवरच्या गोदामांमागे नत्थूजींचं टिनाच्या छपराचं गॅरेज आहे. सत्तरीचा माणूस, बोलायला महाग. त्यांनी काही न विचारता ओलं पायपुसणं उचललं, दोन बोटांत पाणी चोळलं, नाकाशी नेलं.

"एसीचं पानी चिकट राहत नाही, ताई," ते म्हणाले. "तुमचं बरोबर आहे. हिटरची जाळी फुटली."

एवढंसं वाक्य, पण ताराबाई खुर्ची ओढून बसल्याच. तीन आठवडे खरं बोलत असून खोटं पडल्याचा राग आता बाहेर पडला. जे पहिल्या दिवसापासून सांगतेय ते ऐकायला माणसाला वाडीपर्यंत यावं लागतं, असं त्या बऱ्याच मोठ्याने म्हणाल्या. नत्थूजींनी चहा मागवला.

इंजिनाचं गरम, कूलंट मिसळलेलं गोड-चिकट पाणी जिच्यातून फिरतं ती ही वहीएवढी जाळी डॅशबोर्डच्या पार पोटात असते. ती काढायची तर सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून तर सगळे पाइप जोडून मोकळे होतात. नत्थूजींना दोन दिवस लागले. दोन्ही दिवस ताराबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होत्या आणि मनातल्या मनात तिघा मेकॅनिकांना उभे-आडवे सोलत होत्या. खोटेपणा त्यांना खपायचाच नाही. आठ वर्षांपूर्वी घरकाम करणाऱ्या सुभद्रेला त्यांनी अशीच पकडली होती. माहेरून आलेली वायगावची वर्षाची हळद, उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत बरणी अर्धी. स्वयंपाकघरात दुसरं येतं कोण? सुभद्रा म्हणाली होती, "मी नाही घेतली, बाई. मले काय करायची तुमची हळद?" ताराबाईंनी तिला त्याच दिवशी काढलं, आणि गल्लीतल्या तिघींना सावधही केलं; त्यांच्याकडचंही तिचं काम गेलं. सुभद्रा अजून बेस्यातच काम करते. ताराबाईंचं फाटक आलं की रस्ता ओलांडून पलीकडून जाते. चोराच्या मनात चांदणं, असं ताराबाई दर वेळी म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाळी बाहेर आली. कडेला हिरवट बुरा चढलेला, तळाला भोक. नत्थूजींनी ती जुन्या पेपरवर आपटली. आतून चिखलासारखे पिवळे गोळे पडले. त्यांनी एक गोळा नखाने फोडला आणि कधी नव्हे ते हसले.

"हळद कोनं टाकली हो, ताई?"

ताराबाईंना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण नत्थूजी सांगत होते, की जुने ड्रायव्हर असंच करतात. उन्हाळ्यात रेडिएटर गळायला लागला की त्यात मूठमूठ हळद सोडायची. भोक बुजतं, गाडी घरी पोचते. पण हळद जाते कुठे? नागपुरात हिटर कोणी उघडत नाही, तिथलं पाणी बसून राहतं, सगळा गाळ तिथेच येऊन थिजतो. वरून बोअरचं खारं पाणी. जाळी सडणारच.

"एकदोन मुठीचं काम नाही हे," नत्थूजी म्हणाले. "किलोभर गेली असंन."

ताराबाई उठून गाडीपाशी गेल्या. डिकीत श्रीधररावांची पान्ह्यांची पेटी होती आणि तिच्यात रबर लावलेली बाजारच्या हळदीची पुडी. ती खंडेनवमीच्या पूजेची असणार, असं समजून चार वर्षं त्या तिच्यातूनच गाडीला बोटं लावत आल्या होत्या. बाजारची पुडी. म्हणजे बरणीतली घ्यायची सोय संपल्यावर आणलेली. त्यांना ती सकाळ आठवली. सुभद्रा दारात उभी, त्या स्वतः कमरेवर हात ठेवून, आणि श्रीधरराव तीन हातांवर पेपर वाचत बसलेले. त्यांनी पेपर खाली केला नव्हता. एक शब्द बोलले असते तर बाईची चार घरं वाचली असती. बोलले नाहीत, कारण बायकोच्या बरणीतली हळद गाडीत ओतली हे सांगावं लागलं असतं.

संताप आला, पण तो ठेवायचा कुठे? ज्याच्यावर काढायचा तो हार घालून भिंतीवर. आणि तो नुसता गप्प बसला होता. चोर म्हणाल्या त्या ताराबाई. तीन आठवडे कोणी विश्वास ठेवला नाही तर आपला जीव इतका जळला, आणि ती आठ वर्षं रस्ता ओलांडतेय. ताराबाईंना स्वतःची शिसारी आली.

नवी जाळी बसली, डॅशबोर्ड चढला, काच स्वच्छ झाली. जुनी जाळी भंगारात टाकू नका, असं सांगून ताराबाईंनी ती गोळ्यांसकट पेपरात बांधून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फाटकाबाहेर गाडीत बसून राहिल्या. आठाला सुभद्रा आली. केस पिकले होते. फाटक दिसताच ती सवयीने पलीकडे वळली. ताराबाई उतरून तिच्यामागे गेल्या आणि भर रस्त्यात पुडकं उघडलं.

"हळद सापडली, सुभद्रा. साहेबांनी गाडीत टाकली होती. तू खरं बोलत होतीस. चुकलं माझं."

सुभद्रेने वाकून बघितलं. हात लावला नाही. रडलीही नाही. ताराबाईंनी तिला आत चहाला बोलावलं, परत कामावर ये म्हणाल्या, आणखीही बरंच काही म्हणाल्या. ती सगळं संपेपर्यंत थांबली.

"मले हे तेव्हाच मालूम होतं, बाई, का मी नाही घेतली," ती म्हणाली. "मले काहून सांगून राहिले? ज्या तिघींले सांगतलं होतं, त्यांयले सांगा."

आणि ती पदर खोचून कामाला निघून गेली.

ताराबाईंनी पुडकं पुन्हा बांधलं आणि गल्लीतल्या पहिल्या घराची बेल वाजवली.