गल्लीला गप करणारे अण्णा

ओठांवर उभं बोट, डोळे वटारलेले, मान पुढं काढलेली, आणि आवाज असा दणदणीत की गल्लीत तेवढाच काय तो गोंगाट. "गऽऽप! पोरगी अभ्यासाला बसलीय!"

तुमच्याही गल्लीत असा एक बाप असणारच. परीक्षा पोरांची असते, पण आपल्याकडं आईबाप "यंदा आमची दहावी आहे" असंच म्हणतात. टीव्हीची वायर निघते, पाहुण्यांना "आता परीक्षा झाल्यावरच या" असं सांगितलं जातं, पोराच्या ताटात बदाम येतात. पण आमच्या शेजारच्या अण्णांना तोड नव्हती. त्यांनी आपलं घर तर गप केलंच, वर अख्खी गल्ली गप केली. आज माझ्याच घरात दहावी बसलीय, त्यामुळं ते मला सारखे आठवतात.

शहराच्या टोकाला, हर्सूलच्या पुढं, जळगाव रोडला लागून आमची वसाहत तेव्हा नवी नवी होती. शेतं मोडून प्लॉट पडले होते, घरं भराभर उठत होती, पण नळ काही आला नव्हता. त्यात दुष्काळ. विहिरी आटल्या, बोअरला नुसती हवा यायला लागली. सगळी वसाहत टँकरवर जगत होती आणि आमच्या गल्लीचा टँकर अण्णा चालवायचे. मूळचे सिल्लोडकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. बाप मेंढरांमागं फिरला, थोरला भाऊ अजून फिरतो, आणि हे मात्र शहराच्या कडेला येऊन स्टिअरिंग धरून बसले. पोरगी एकच, रेणुका. आम्ही रेणू म्हणायचो.

माझं घर त्यांच्या घराला भिंतीला भिंत लावून. मी ब्लाउज शिवते, गुलमंडीच्या बाजारातनं अस्तरं आणते, दिवसभर मशीन चालू. आणि घरात वर्षाचं पोरगं, त्याचा भोंगा मशीनपेक्षा मोठा.

एके सकाळी अण्णा दारात उभे. बोट ओठावर.

"वैनी, मशीन जरा कमी चालवता का?"

"अण्णा, मशीन कमी चालवली तर चूल कशी चालायची?"

"व्हय, ते बी हाय." पुढं म्हणाले, "मग लेकराला तरी गप करा."

आता तुम्हीच सांगा, वर्षाचं लेकरू कुणाचं ऐकतं का? मी चिडलेच होते. पण त्यांचा चेहरा बघितला आणि पोराला उचलून आत नेलं. त्या चेहऱ्यावर नुसती भीती होती.

भीतीला कारण होतं. पूर्वपरीक्षेत रेणू गणितात आपटली होती. ही बातमी सिल्लोडला पोचली, तसा थोरल्या भावाचा निरोप आला. पोरगं बघून ठेवलंय, पोरीला शिक्षण झेपत नसलं तर उगं कामून ताणायचं, उन्हाळ्यात उरकून टाकू. अण्णांच्या घरात थोरल्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. अण्णांनी कसाबसा सौदा केला होता, पोरगी पास झाली तर पुढं शिकेल, नाही झाली तर तुम्ही म्हणाल तसं. हे रेणूलाही माहीत होतं. एवढीशी पोर, दोन वेण्या घातलेली, आणि एका गणिताच्या पेपराला तिचं सगळं आयुष्य टांगलेलं.

मग अण्णा कामाला लागले. भंगारवाल्याला कोपऱ्यावरच अडवायचे. कोंबडी विकणाऱ्याच्या भोंग्यात फडकं कोंबलं. टँकर आला की बायकांची जी झुंबड उडायची, तिलाही बोट. "बोलू नगा, नुसतं पाणी भरा." बायका काय मौनव्रताला बसल्यात होय? पण पाणी अण्णांच्या हातात, म्हणून सगळ्या कुजबुजत भांडायला लागल्या. कुजबुजत भांडून बघा कधी, शिवीतला सगळा दमच निघून जातो.

कहर म्हणजे त्यांनी टँकरच्या हॉर्नची वायर काढून टाकली. त्यांचा हॉर्न म्हणजे आमची पाण्याची वर्दी. तो बंद झाला, तसे ते घरोघर जाऊन दारावर हळूच टकटक करायचे, आधी ओठावर बोट, मग हाताचा हंडा करून दाखवायचे. पाणी वाटतायत की चोरी करतायत तेच कळेना. पलीकडची आजी एकदा खरंच ओरडली, "चोर, चोर!"

एकदा मी विचारलं, "अण्णा, हे कुठं शिकलात?"

"मेंढरात," ते म्हणाले. "मेंढी व्यायला आली का कुणी बोलायचं नाय. कुत्रं बी लांब बांधायचं. आवाज झाला का ती अर्ध्यातून उठती, मग माय बी जाती अन् कोकरू बी. आमची रेणू आता तशीच हाय, वैनी. अवघड वेळ हाय तिची."

हे ऐकल्यावर मशीनच्या खाली मी घडी घातलेली गोधडी ठेवायला लागले. काय करणार!

शेवटी शेवटी त्यांनी खेपा मारायचंही सोडलं. टँकर मेव्हण्याकडं दिला आणि स्वतः दारात पायरीवर बसले. सकाळी बसायचे ते दिवस मावळेपर्यंत. आत रेणू, तिच्यासमोर पुस्तक. तिची आई भांडीसुद्धा लुगड्यात गुंडाळून उचलायची. घरात भाकरी थापल्याचा आवाज यायचा बंद झाला होता, पोळ्याच लाटायच्या, त्याही हळू.

आणि रेणू? ती वाळत चालली होती. पाणी भरायला आली तरी बोलायची नाही. मी हळूच विचारलं, "काय गं, होतोय का अभ्यास?" तिनं माझ्याकडं बघितलं आणि डोळे भरून आले. मला वाटलं, परीक्षेची धास्ती, सगळ्यांनाच असते. पण त्या दिवशी मला शिवताना सुई दोनदा बोटात गेली.

परीक्षा तोंडावर आली होती. दुपारी उन्हाचा नुसता जाळ. मी पोराला झोपवत होते, तेवढ्यात रेणूची आई धावत आली. "रेणू... घरात नाय."

मागच्या दारानं गेली होती. अण्णा पुढच्या पायरीवर पहारा देत बसलेले, त्यांना पत्ताच नाही. गल्लीत शोधलं, मैत्रिणीकडं विचारलं, किराणा दुकानात विचारलं. कुठंच नाही. मग सगळ्यांच्या नजरा एकाच बाजूला वळल्या. वसाहतीच्या मागं एक जुनी विहीर होती, दुष्काळात आटलेली, खाली नुसते दगड. त्या वर्षांत परीक्षेच्या दिवसांत काय काय कानावर यायचं, तुम्हाला सांगायला नको.

अण्णा पळाले. अनवाणी. मी त्यांच्यामागं. विहिरीच्या काठावर जाऊन ते थांबले, पण खाली बघायची हिंमत होईना. डोळे मिटूनच त्यांनी हाक मारली, "रेणूऽऽऽ!" इतक्या दिवसांत कुणी त्या वसाहतीत इतक्या मोठ्यानं ओरडलं नव्हतं. मी वाकून बघितलं. दगड, एक फुटका हंडा, बाकी काही नाही.

"नाही अण्णा. नाही इथं. डोळे उघडा."

त्यांनी डोळे उघडून खाली बघितलं. तेवढ्यात कुणाच्या तरी पोरानं सांगितलं, रेणूताईला मामाच्या टँकरमध्ये चढताना बघितलं.

माझ्याकडं स्कूटी होती. पोराला रेणूच्या आईकडं दिलं आणि म्हटलं, बसा मागं. एरवी दहा हजार लिटरचं धूड चालवणारा माणूस, माझ्या स्कूटीवर मागं दांडा घट्ट धरून बसला आणि सारखा म्हणत होता, "हळू नगा चालवू वैनी, हळू नगा चालवू."

टँकर भरायचा तो एका शेतातल्या विहिरीवर, तिला अजून पाणी होतं. डिझेलचं इंजिन धडाधड चाललेलं, धूर, पाण्याचा दणका, दोन ड्रायव्हर एकमेकांवर ओरडतायत, कानावर हात ठेवावे असा कल्लोळ. आणि त्या सगळ्यात टँकरच्या केबिनमध्ये, दारं सताड उघडी टाकून, मांडीवर वही घेऊन रेणू गणितं सोडवत होती. पेन्सिल दातात. मधेच ती काढून शीळ घालत होती.

मामा म्हणाला, "दाजी, तुम्हीच पाठवलंय म्हणली ती."

मला वाटलं, आता हे तिच्या कानाखाली देतात. पण ते केबिनच्या दाराला धरून उभे राहिले. म्हणाले, "इथं कामून आलीस? घरी समद्यांना गप केलंय तुझ्यासाठी. अन् तू ह्या इंजिनापाशी?"

"म्हणूनच आले," रेणू म्हणाली. "घरात मला माझंच काळीज वाजताना ऐकू येतं, अण्णा. दुसरं कायच नाय. पान उलटलं तरी तुमचा कान इकडं. जरा थांबले की आई दारातून बघती. मला वाटतं, मी नापास झाले तर ह्या समद्या गल्लीचं गप बसणं वाया जाईल. इथं कुणी माझ्याकडं बघत नाय. लहान होते तवा मी इथंच बसायचे ना तुमच्यासंगं?"

खरंच होतं ते. बालवाडीपासून ती बापाबरोबर खेपेला जायची, तिचा सगळा पहिली-दुसरीचा अभ्यास ह्याच केबिनमध्ये झाला होता.

अण्णा बांधावर जाऊन बसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "चुकलंच वैनी माझं. मेंढी व्यायली का लगेच उठून चालती, तेवढ्यापुरतं गप राहायचं असतंय. पण एरवी रातीला रानात कळप बसला का धन्यानं गप बसायचं नाय. गप बसला का मेंढरं बुजत्यात. त्यांना वाटतं, धनी गेला सोडून. माझा बाप झोपेत बी खाकरायचा. म्हणजे काय नाय, हाय मी, असं. मी दुसरीच रीत धरून बसलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात. बोट ओठावर नव्हतं. "वैनी, काढा ती गोधडी. चालवा मशीन."

हॉर्न परत लागला. भंगारवाला आला, कोंबडीवाला आला, बायका मनसोक्त भांडल्या. आमच्या पोरानं भोकाड पसरलं तर कुणी काही बोललं नाही. अण्णा पुन्हा खेपा मारायला लागले. घरी आले की मात्र रेणूच्या खोलीत डोकवायचे नाहीत. अंगणात काहीतरी ठोकत बसायचे, सायकलची चेन नाहीतर कोठीचं झाकण, आणि मधेच खाकरायचे. आतून रेणू विचारायची, "काय झालं, अण्णा?"

"काय नाय. हाय मी इथंच. चालू दे तुझं."

काही दिवसांनी ती विचारायचीही थांबली. ते खाकरले की आतून तीपण खाकरायची, आणि पुस्तकात डोकं. आमच्या भिंतीतून मला दोन्ही ऐकू यायचं. मी मशीनवर एकटीच हसायचे.

गणिताच्या पेपराला मी तिला स्कूटीवरून सोडलं. शाळेच्या फाटकाबाहेर आईबापांची ही गर्दी, कुणी देवाचा अंगारा लावतंय, कुणी शेवटचं सूत्र म्हणून घेतंय. रेणू कंपासपेटी पुन्हा पुन्हा उघडून बघत होती. घंटेला थोडा वेळ होता. तेवढ्यात रस्त्यावरून हॉर्न आला, लांबलचक, आमच्या गल्लीतला. टँकर हळू झाला, अण्णांनी खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि जोरात खाकरले. बंदोबस्तावरचा पोलीस धावला.

"ओ, शाळा दिसत नाही का?"

"दिसती ना साहेब. माझी पोरगी हाय तिथं."

रेणू खुदकन हसली आणि आत गेली.

निकाल लागला. पहिली-बिहिली काही आली नाही, गणितात काठावर का होईना पण पास झाली. अण्णांनी सिल्लोडला फोन लावला. थोरल्याशी बोलताना त्यांचा आवाज एरवी मांजरासारखा व्हायचा. त्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. "नाय दादा. शिकणार पोरगी. शब्द दिलता तुम्ही."

रेणू शिकली. क्रांती चौकापाशी औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. लग्न तिनं नंतर केलं, आपल्या पसंतीनं.

आणि आता माझं ते भोकाड पसरणारं पोरगं दहावीला बसलंय. परवा पलीकडं लग्नाची हळद होती, डीजे लागला, आणि मी दार उघडून बोट ओठावर नेलंसुद्धा! मग तसंच खाली घेतलं आणि आत येऊन मशीन सुरू केली. पोराकडं बघायचा मोह होतो हो. भीती कमी होत नाही, खोटं कशाला सांगू. नुसतं बसवत नाही, म्हणून मी अस्तरं कापत बसते.

अण्णांना हे सांगायला हवं होतं. पण मागच्या उन्हाळ्यात ते गेले. आजार लांबला होता, शेवटी वाचाही गेली. घर माणसांनी भरलेलं आणि सगळे दबक्या आवाजात. सिल्लोडचा थोरला भाऊ दारात बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट ओठावर धरून "गप, गप" करत होता. रेणू आली आणि म्हणाली, "काका, गप कामून बसवता समद्यांना? बोला मोठ्यानं. त्यांना वाटंल, आपण गेलो सोडून." तिनं स्वतः आत जाऊन भांडी घासायला घेतली, आदळआपट करत. भांडी घासता घासता खाकरायची. खाटेवरून अण्णा खाकरूनच उत्तर द्यायचे. बोलता येत नव्हतं, पण तेवढं जमायचं.

शेवटच्या दिवशी दुपारी मी तिथंच होते. रेणू खाकरली. आतून काही आलं नाही. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं खाकरली. सगळं घर तिच्याकडं बघत होतं. मग ती हात न पुसताच आत गेली, खाटेच्या कडेला बसली, आणि त्यांच्या कपाळावर ओला हात ठेवून म्हणाली, "काय नाय अण्णा. हाय मी इथंच."