केसमधली बाई

केस वाचून झाली की मॅडम चष्मा कपाळावर चढवायच्या आणि विचारायच्या, "यात स्वयंपाक कोण करतंय?" पोरं हसायची. केस म्हणजे परीक्षेत विचारतात तो पेचाचा प्रसंग. त्यात कलेक्टर, पूर, लाच. स्वयंपाकाचा काय संबंध? मॅडम हसायच्या नाहीत.

मुखर्जीनगरात त्या मराठी मुलांना यूपीएससीचा नीतिशास्त्राचा पेपर शिकवायच्या. शेजारच्या खोलीत माझी मेस. मी हिंगोलीकडची, शाळा सातवीत सुटलेली. दिल्लीत मला सगळ्याचीच भीती वाटायची. पण पोळ्या लाटताना भिंतीपलीकडचा वर्ग ऐकू यायचा. मॅडम सांगायच्या, गाईडात विचारवंत सगळे पुरुषच. पण अलीकडे बायकांनी नीतीचा विचार पार फिरवलाय. एकीनं म्हटलं, नियम नंतर, आधी समोरच्या माणसाकडे स्वतःला विसरून बघा. दुसरीनं म्हटलं, लेकरू सांभाळणं, आजाऱ्याचं करणं, हीसुद्धा नीतीच. हे पेपरात येतं का, असं कोणीतरी विचारायचंच. मग मॅडम मला हाक मारायच्या, "तुला काय वाटतं गं?" सातवी शिकलेल्या बाईला असं कोणी विचारत नाही. ते मी विसरले नाही.

केसेस त्या स्वतः लिहायच्या आणि त्या खऱ्या व्हायच्या. घरमालक भाडेकरूचं पत्र फोडतो अशी लिहिली, तर आठ दिवसांत आमच्याच जिन्यात तसं झालं. तुम्ही म्हणाल, योगायोग. मीही तेच म्हणायचे. पोरं म्हणाली, "मॅम, आम्ही पास झालो अशी एक लिहा ना यार."

मग एक केस आली. मुलीचा उद्या पेपर. तिची आई वारल्याचा निरोप स्वयंपाकाच्या बाईकडे येतो. पेपर होईपर्यंत सांगू नका, असं घरचे म्हणतात. बाईनं काय करावं? माझं लाटणं थांबलं.

महिन्याभरानं, ऐन मुख्य परीक्षेत, दुपारी माझा फोन वाजला. वाशिमच्या एका मुलीचा भाऊ. ती पेपरांच्या दिवसांत फोन बंद ठेवायची, म्हणून घरी माझा नंबर दिलेला.

"मावशी, आई गेली. उद्या तिचा पेपर झाला की सांगा."

मी मॅडमकडे धावले. त्या पांढऱ्याफटक पडल्या. "मी फक्त प्रश्न लिहिते गं. उत्तर मला कधी सुचलंच नाही."

मुलगी जेवायला आली. दोन घास खाऊन म्हणाली, आज वरण अगदी आईच्या हातचं लागतंय. मी तिच्याकडे बघत राहिले. तीन वर्षं अभ्यास केला होता तिनं. आणि आईचं तोंड बघायला एवढी संध्याकाळच होती.

मी सांगितलं. ती मिळेल त्या विमानानं गेली. पेपर बुडाला.

थोड्या वेळानं मॅडम मेसमध्ये आल्या, तिच्याच खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "माझी आई गेली तेव्हा हॉस्टेलच्या बाईनं मला पोटभर जेवू घातलं. आणि दुसऱ्या दिवशी, पेपर झाल्यावर सांगितलं."

मग त्या माझ्याकडे बघू लागल्या. इतकी वर्षं रोज बघायच्या, तसं नाही. माझ्या जागी त्यांना दुसरंच कोणी दिसत होतं. माझा हात धरून त्या हळूच म्हणाल्या, "या वेळी सांगितलंस. बरं केलंस."

मॅडम वारल्याला आता दोन वर्षं झाली. त्या हॉस्टेलच्या बाईचं नावसुद्धा मला माहीत नाही. पण त्या दिवशी तिच्या वतीनं मी मान डोलावली.