काळोखवाली

दुसऱ्याच्या घरी गेलं की माणूस आधी पाणी मागतो, नाहीतर पंख्याखालची जागा बघतो. काळोखवाली घरात आली की आधी भोकं शोधायची. दाराच्या फटीत जुनी साडी कोंबायची, पत्र्याला खिळ्याएवढं छिद्र दिसलं तर चिकटपट्टी लावायची, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर काळं कापड अडकवायची आणि म्हणायची, "मावशी, आता झालं बघ खरं घर." गल्लीतल्या पोरांनी तिला हे नाव चिडवायला ठेवलं होतं. तिला ते फार आवडायचं.

ती अंजूरची, शेतीवाल्या घरातली. मुंबईच्या कॉलेजात फोटोग्राफी शिकायची. दोन हजार सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. डिजिटल कॅमेरे यायला लागले होते, पण तिच्या कॉलेजात अजून हातानेच फोटो धुवायला लावत. तिथल्या डार्करूमला सगळ्या वर्गाची रांग, आणि घरी बारा माणसं, दार कोण बंद ठेवू देणार? तिची आई माझ्याकडे ब्लाऊज शिवायला टाकायची. तीच एकदा हिला घेऊन कामतघरला माझ्या घरी आली. "बाय, हिला तुजे घरान काळोख पायजे हाय," म्हणाली, "आठवड्याशी एक दिस." आमचे हे जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा नोकरीला सुरतला. काळोखाची मला काही कमी नव्हती. देऊन टाकला.

तिचा वार शुक्रवार. माझ्या मागच्या भिंतीला लागून शेजारच्या चाचांचे कापड विणायचे लूम. ते चालू असले की वाटीतलं पाणीसुद्धा थरथरतं, मग तिचं ते फोटो मोठं करायचं यंत्र काय स्थिर राहणार! फोटोतली माणसं दोन-दोन नाकांची यायची. शुक्रवारी लूमला सुट्टी, वीज मात्र असायची. लाल दिव्याखेरीज कसलाही उजेड लागला की तिचे कोरे कागद वाया जायचे. म्हणून नुसता लाल दिवा लावून, तीन प्लॅस्टिकच्या ताटांत आंबट वासाची औषधं ओतून ती मोरीपाशी बसायची. फोटो बादलीत खळबळायचं काम माझं. पहिल्यांदा कोऱ्या कागदावर माणूस उगवताना पाहिला तेव्हा मी म्हटलं, "अगं, हा तर आपला इस्त्रीवाला!" ती म्हणाली, "हळू बोल मावशी, अजून पुरता आला नाही तो."

फोटो काढताना ती कुणाला हसायला सांगत नसे. "हसा म्हटलं की माणूस निघून जातो, नुसते दात राहतात." आणि दुसरं एक तिचं ठरलेलं वाक्य होतं: "आधी उजेड कुठून येतो ते बघायचं. माणूस नंतर." एकदा मला शिवताना बघून तिने मशीनच उचलून फिरवलं. "स्वतःच्या सावलीत शिवतेस गं," म्हणाली. वीस वर्षं मी तशीच शिवत होते, एवढ्या वर्षांत कुणी मला ते सांगितलं नव्हतं.

शेवटच्या वर्षी मुंबईतला एक मोठा स्टुडिओ त्यांच्यातल्या एकाला कामावर घेणार होता. त्यासाठी बारा फोटो द्यायचे होते. वडलांनी आधीच बजावलं होतं, "बटन दाबाया कॉलेज कशाला लागतंय? यंदा काम मिलाला तर ठीक, न्हायतर लगीन." आठ फोटो झाले, चार राहिले. द्यायचे होते शुक्रवारी सकाळी, आणि ती आली गुरुवारी दुपारी. लूम धडाडत होते. ती सरळ चाचांकडे गेली. चाचा म्हणाले, "बेटी, तीन बजे एक घंटा बंद रखता हूँ. कारीगर लोग चाय पी लेंगे."

आमच्याकडे एक सवय आहे. लूम चालू असताना आवाज आणि धाग्याची लव घरात शिरते, म्हणून खिडक्या लावून बसायचं. लूम थांबले की सगळी गल्ली एकदम खिडक्या उघडते. शुक्रवारी ती यायच्या आधीच माझं हे उघडणं होऊन जायचं. त्या गुरुवारी आम्ही दोघी लाल दिव्यात तीन वाजायची वाट बघत होतो. तासातला एक क्षण वाया जायला नको म्हणून तिने शेवटचं कागदाचं पाकीट आधीच उघडून, कागद कापून मांडून ठेवले होते. मला पाटावर डुलकी लागली. लूम थांबले. त्या शांततेने मी दचकून उठले, कापड सारलं, कडी काढली आणि खिडकी उघडली.

ऊन सगळ्या कागदांवर पडलं.

कागद गोळा करत ती म्हणाली, "मावशी, झोप तरी झाली का तुझी?" तो सगळा तास आम्ही उघड्या खिडकीशी बसून काढला. चार वाजता चाचांनी खिडकीतून विचारलं, "हो गया काम, बेटी?"

"हो गया, चाचा," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आठच फोटो गेले. ती पास झाली, पण काम दुसऱ्याला मिळालं. पुढल्या मे महिन्यात काल्हेरच्या गोदामवाल्यांकडे तिचं लग्न झालं. मी गेले होते. स्टेजवर फोटोवाला "वहिनी, हसा जरा" म्हणत होता. ती म्हणाली, "दादा, उजेड तुमच्या मागून नाही, माझ्या मागून येतोय. तोंड काळं येईल. इकडून घ्या." बायका हसल्या, नवरी आगाऊ आहे म्हणाल्या. मला काही हसू आलं नाही.

मग ती कधी आली नाही. बोलवायचं तरी कोणत्या तोंडाने? तिची तीन ताटं आणि लाल दिवा अजून माळ्यावर आहे. काळं कापड मी खिडकीवरून काढलेलं नाही.

लूम थांबले की गल्लीत खिडक्या धडाधड उघडतात. माझाही हात कडीपर्यंत जातो. तिथे तो थांबतो, आणि मी पाठीमागच्या काळोखाला विचारते, "उघडू का गं?"

थोडी वाट बघते. मग उघडते.