टोपल्याखालचे पीठ

लिंबागणेशाच्या विघ्नहर्त्याला वंदन करून हे लिहावयास बसलो आहे. आज संकष्टी. सकाळी दर्शनास गेलो असता प्रदक्षिणेतच ठरविले, की या समूहावर आपण सारे आपापले अनुभव मांडता, तर माझ्याकडचा हा एकच अनुभवही आपल्यापुढे ठेवावा. मोबाइलवर टंकन माझी सून सुलभा करीत आहे, शब्द माझे आहेत. माणसांची नावे बदलली आहेत. जिची ही हकिकत, त्या मुलीची परवानगी घेतली आहे.

प्रथम एक स्पष्ट करतो. मी देव मानणारा माणूस आहे, भुते मानणारा नव्हे. माझे वय त्र्याहत्तर. गोदाकाठच्या पाठशाळेत बारा वर्षे अध्ययन झाले, त्यात थोडे न्यायशास्त्रही होते. त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे चौसाळ्याच्या परिसरात पौरोहित्य केले. किती अंत्यविधी केले याची गणती नाही... परंतु मला कधी काही दिसले नाही, ऐकू आले नाही. आणि दिसले असे कोणी सांगितले, तर मी प्रथम विचारीत असे — “जेवला होतात ना?”

आमच्याकडे एक रीत आहे. माणूस गेले, की त्या जागी दिवा ठेवतात. तेराव्याच्या आदल्या संध्याकाळी ताटात ज्वारीचे पीठ सारखे पसरून त्यावर टोपले पालथे घालतात. सकाळी टोपले उचलून पाहतात — पिठावर काही उमटले का? गाईचे पाऊल, पाखराचा पंजा, जे दिसेल त्यावरून गेलेला जीव कोठे गेला ते समजते, अशी लोकांची श्रद्धा.

खरे सांगायचे तर बहुधा काहीच उमटत नाही. कधी मुंगी फिरते, कधी पीठ आपोआप खचते. परंतु यजमान डोळ्यांत प्राण आणून माझ्या तोंडाकडे पाहत असतो. त्याला मी प्रत्येक वेळी एकच सांगत आलो — “गाईचे पाऊल आहे. चांगली गती मिळाली.” त्याचा चेहरा निवळतो, तो जेवायला बसतो. यात काही गैर आहे असे मला कधी वाटले नाही.

सात वर्षांपूर्वी आमच्या गावाबाहेरच्या एका वस्तीवर विश्वांभर, त्याची पत्नी सरू आणि त्याची वृद्ध आई, अशा तिघांची हत्या झाली. विश्वांभराची मुलगी वैष्णवी तेव्हा नऊ वर्षांची. ती मामाकडे चकलांब्याला गेली होती, म्हणून वाचली. तपास झाला, परंतु कोणी केले ते आजतागायत उघड झालेले नाही. विश्वांभराचा धाकटा भाऊ दिगंबर गावात राहत असे. त्याने तिघांना अग्नी दिला आणि पुतणीला घरी आणले. त्याचे लग्न ठरत होते, ते राहिले ते राहिलेच.

तिघांचे सर्व विधी मीच केले. तेराव्याच्या सकाळी वस्तीवरच्या स्वयंपाकघरात मी एकट्याने टोपले उचलले. पुरुषमंडळी अंगणात होती. पिठावर खूण होती... आणि ती खूण हाताची होती.

माझ्या मनात तत्काळ आले, की घरातल्या कोणा बाईचा चुकून हात लागला असावा. परंतु त्या घरात दोन दिवसांपूर्वीपर्यंत पोलीस ठसे शोधत होते. हाताची खूण दिसली असे बाहेर गेले, तर कोणा गरिबाच्या मागे नवा ससेमिरा लागेल. म्हणून मी उजव्या हाताची बोटे फिरवून ती खूण पुसली, मग दिगंबरला हाक मारली आणि नेहमीचे वाक्य उच्चारले — “गाईचे पाऊल आहे. शांत झाली सगळी.” त्यांच्या एका पाहुण्याने त्या ताटाचा मोबाइलवर फोटो काढला. मला त्याचे काहीच वाटले नाही.

यंदा माघात सुलभा मोबाइल घेऊन माझ्यापुढे आली.

“बाबा, हे बघा. त्या वस्तीवरच्या प्रकरणावर लोक काय काय लिहायलेत.”

उलगडा न झालेल्या गुन्ह्यांची चर्चा करणारे ते एक पान होते. त्या पाहुण्याने तो जुना फोटो तेथे टाकला होता. खाली शेकडो माणसांचे तर्क होते, त्यांतील बहुतेकांनी बीड जिल्हा पाहिलाही नसावा. सुलभा वाचीत गेली — “झूम करा, चार बोटे क्लिअर दिसतात.” “दोन बोटांच्या मधे बारीक रेघ आहे, म्हणजे अंगठी!” “धाकट्या भावाचा जुना फोटो बघा, त्याच हातात अंगठी.” “गुरुजी म्हणाले गाईचं पाऊल. गुरुजी सामील दिसतात.” “शेतीचा हिस्सा कोणाला मिळाला, विचारा.”

मी न्यायशास्त्र शिकलो आहे. धूर दिसला तर अग्नी आहे असे म्हणता येते, परंतु आधी तो धूर आहे की धूळ आहे, हे पाहावे लागते. ती चार बोटे माझी होती. आणि ती रेघ अंगठीची नव्हती... त्या सकाळी विधीसाठी माझ्या अनामिकेत दर्भाचे पवित्रक होते, त्याच्या गाठीची ती रेघ.

ज्या संशयातून कोणाला वाचवावे म्हणून मी ते पीठ पुसले, तोच संशय माझ्या बोटांनी दिगंबरवर लिहून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी दिगंबर स्वतः आला. ओसरीवर न टेकता पायरीवर बसला.

“गुरुजी, पोरीनं वाचलं समदं. आठ दिस झाले, माझ्या हातचं खाईना. शेजारून आणून खाती. मामाला फोन केलाय, रविवारी न्यायला येणार हाय.”

“तिने काही विचारले का तुला?”

“इचारलं असतं तर बरं झालं असतं. निस्ती बघती. पोलिसांनी सात येळा बोलावलं, गेलतो. तवा एवढं लागलं न्हाई. आता तुमीच सांगा, म्या कावून करीन असं?”

त्याच दिवशी मी सुलभाकडून त्या पानावर लिहविले — फोटोतील बोटे माझी आहेत, पिठावर एक अस्पष्ट खूण होती ती मी पुसली, आणि ‘गाईचे पाऊल’ हे वाक्य मी चाळीस वर्षे प्रत्येक घरी, पिठावर काही असो वा नसो, सांत्वनासाठी उच्चारीत आलो. ती खूण हाताची होती, हे मात्र लिहिले नाही. तेव्हाही कोणाला सांगितले नव्हते, घरातही नाही.

उत्तरे लगेच आली. “गुरुजी, दक्षिणा जोरात दिसते यंदा!” “सात वर्षांनी आठवलं व्हय?” “प्रूफ द्या, प्रूफ.” त्याचा खेद झाला नाही. परंतु संध्याकाळी आमच्या गल्लीतला ज्ञानोबा दारात येऊन उभा राहिला. त्याच्या आईचे तेरावे मीच केले होते.

“गुरुजी, माझ्या मायचं गाईचं पाऊल व्हतं का न्हवतं? खरं सांगा.”

“नव्हते, ज्ञानोबा. पीठ कोरे होते.”

त्याने मान हलविली. “मायला लई सोस व्हता गाईचा. मला वाटलं, चला, घावली एकदाची.” एवढेच बोलून तो गेला. त्यानंतर तो मला पाहून नमस्कार करतो, पण थांबत नाही. हे माझ्या असत्याचे फळ आहे आणि ते मला मान्य आहे.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मी आणि सुलभा दिगंबरच्या घरी गेलो. वैष्णवी ओसरीवर बॅग घेऊन मामाची वाट पाहत बसली होती. सोळा वर्षांची झाली आहे, अकरावीत आहे. दिगंबर चुलीशी होता. दुरडीत त्याने थापलेल्या दोन भाकरी झाकून ठेवल्या होत्या.

मी म्हणालो, “बाळ, मामा येईपर्यंत मला अर्धा तास दे. त्या दिवशी मी जे केले, ते तुझ्यापुढे पुन्हा करून दाखवतो. पीठ तू पसर, टोपले तू घाल. फोटो तुझ्या मोबाइलवर आहे, ताडून पाहा. नंतर जायचे तर खुशाल जा.”

ती उठली. डब्यातून पीठ घेतले, ताटात पसरले, सुलभा आणि मी पाहत असताना ताट हलवून सपाट केले. पीठ कोरे होते, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो. शेजारी दिवा लावला, टोपले पालथे घातले. तेव्हा जसे केले तसेच करावे, म्हणून मी हात-पाय धुऊन, पवित्रक घालून ओसरीवर जपास बसलो. एकशे आठ गायत्री. दिगंबरही बाहेर आला, आम्ही चौघेही ओसरीवर होतो. स्वयंपाकघराला तेवढे एकच दार, आणि दारातून टोपले सर्वांना दिसत होते. कोणी आत गेले नाही. मांजरसुद्धा नाही.

जप झाला. मी म्हणालो, “उचल.”

वैष्णवीने आत जाऊन टोपले उचलले, आम्ही तिच्या मागोमाग होतो.

पिठावर हाताची खूण होती. भाकरी थापताना उमटते तशी — तळवा, अंगठ्याची बाजू आणि तीन बोटे. तीनच. सात वर्षांपूर्वी मी पुसली, तीही अशीच तीन बोटांची होती. करंगळीच्या जागी केवळ मुळाशी एक खळगा होता, टोक टेकलेले नव्हते. याचे कारण मला तेव्हाही ठाऊक नव्हते आणि त्या क्षणीही नाही.

वैष्णवी हळूच म्हणाली, “आईची करंगळी टेकत न्हवती. ऊसतोडीला गेल्यावर कोयता लागलेला... ताठ राहिली होती. भाकर थापताना ती वर राहायची. मी हसायचे तिला, म्हणायचे, आई, तू करंगळीनं कोणाला बोलवायली?”

दिगंबर दारात उभा होता. “व्हय,” एवढेच तो म्हणाला आणि भिंतीला टेकला.

तिने आपला हात त्या खुणेच्या वर, न टेकविता धरला. तिचा हात लहान होता. सुलभाचा हात मोबाइलकडे गेला होता, पण तिने फोटो काढला नाही. मला भय वाटले का? नाही. देवघरात समई लावताना मन जसे स्थिर होते, तसे काहीसे झाले... त्याहून अधिक नेमके शब्द माझ्यापाशी नाहीत.

मी पवित्रक घातलेला हात पुढे केला, तशी ती म्हणाली, “न्हाई गुरुजी. याला हात लावू नका.” मग तिनेच दुसरे ताट आणले, पीठ पसरले. मी त्यावर बोटे फिरविली, त्या दिवशी फिरविली तशीच. चार पट्टे उमटले, आणि मधे गाठीची बारीक रेघ. तिने मोबाइल शेजारी धरला. एकदा पाहिले, पुन्हा पाहिले. मग चुलत्याकडे वळली.

“काका, तुम्ही जेवलात का?”

“तू जेवली न्हाईस तर म्या कसा जेवू?”

तिने पहिल्या ताटातले पीठ परातीत ओतले. रीतीप्रमाणे असे पीठ नदीत सोडतात. तिने माझ्याकडे पाहिले, मी मान हलविली. त्या क्षणी मला त्याहून योग्य असे काही सुचले नाही. आधणाचे पाणी घालून तिने ते मळले, थापले, तव्यावर टाकले. दिगंबरने आपल्या झाकलेल्या भाकरींवरचे फडके काढले. त्या नेहमीप्रमाणे वेड्यावाकड्या होत्या.

“तुमची भाकर म्हणजे जिल्ह्याचा नकाशा हाय, काका.”

“मग खा की नकाशा. लई दिस झाले वाळायलाय.”

मामा आले तेव्हा दोघे एकाच ताटात जेवत होते. बॅग ओसरीवरच राहिली. मामाही जेवले आणि एकटेच परत गेले.

दुसऱ्या ताटाचा फोटो वैष्णवीने स्वतः त्या पानावर टाकला. काहींनी मानले, काही अजून अंगठीच पाहतात. त्यांचे तर्क चालू आहेत, चालू राहोत. तिघांना कोणी मारले, ते त्या खुणेने सांगितले नाही. ते शोधण्याचे काम ज्यांचे आहे त्यांचेच राहिले आहे, आणि ते व्हावे अशी माझी रोज प्रार्थना आहे.

मी माझ्या परीने कारणे शोधली. पीठ पसरताना मुलीचाच हात लागला का? पीठ कोरे असताना आम्ही दोघांनी पाहिले होते, आणि तिचा हात लहान आहे. मनाचा भास? मग चौघांना एकच भास कसा झाला... आणि सात वर्षे मी कोणालाही न सांगितलेली ती तीन बोटे? माझ्या शास्त्रात, माझ्या पुस्तकांत मला याचे उत्तर सापडले नाही. आपल्यापैकी कोणास सापडल्यास अवश्य कळवावे, मी आदराने वाचीन.

एक मात्र झाले. मागच्या महिन्यात शेजारच्या गावी तेराव्याला गेलो होतो. टोपले उचलले, पीठ कोरे होते. यजमान माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी म्हणालो, “काही उमटलेले नाही, बाबा. तुमचे वडील कोठे गेले, मला ठाऊक नाही. आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू.” तो हात जोडून माझ्या शेजारी बसला.

हे वाचणाऱ्या आपणा सर्वांच्या घरी अन्नपूर्णेचा वास असो, चूल पेटती राहो, आणि एका ताटात जेवणारी माणसे कधीही एकमेकांच्या हातचे खाण्यास भिऊ नयेत, हा या वृद्धाचा आशीर्वाद. शुभं भवतु.