फाउस्तिनाने टोपीत पाणी ओतलं

फाउस्तिनाला मत्सरी म्हणणाऱ्यांनी आधी आपापल्या घरात डोकावून बघावं. तिच्या जागी मी असते तर त्या पाहुणीला दुसऱ्याच दिवशी परतीच्या होडीत बसवलं असतं.

टिटिकाका सरोवरातल्या आमच्या बेटावर पाहुणे पाळीनं येतात. होडीतून उतरेल तो ज्याची पाळी त्याच्या घरी, आवडनिवड चालत नाही. फाउस्तिनाच्या पाळीला इल्से आली. युरोपातली, एकटीच, पाठीवर पोत्याएवढी पिशवी. दोन दिवसांसाठी आलेली ही बाई शेतातले बटाटे काढून झाले तरी हलेना.

आमच्याकडे सुयांवरचं विणकाम पुरुषांचं, माग बायकांचा. फाउस्तिनाचा नवरा सेल्सो याच्यासारखा हात बेटावर दुसरा नाही, आणि त्याच्यासारखा घुमाही नाही. फाउस्तिना म्हणायची, "दगडाशी संसार केलाय मी. पण दगड निदान उन्हात तापतो तरी!" सगळ्यांशीच तो असा, म्हणून तिनं ते चालवून घेतलं होतं.

आणि आता हा माणूस अंगणात इल्सेला सुया धरायला शिकवत होता, आणि चक्क बोलत होता! आजोबांबद्दल, मेंढ्यांबद्दल, लहानपणी बुडता बुडता वाचला त्याबद्दल. ते बुडणं फाउस्तिनाला ठाऊकच नव्हतं. चुलीवरचं सूप ढवळताना तिनं ते पहिल्यांदा ऐकलं, तेही दुसरीला सांगितलेलं.

झऱ्यावर बायकांना निमित्तच हवं होतं.

"काय गं, तुझ्या नवऱ्याला वाचा फुटली म्हणे?"

"चार दिवस आमच्याकडे पाठव तुझी पाहुणी. आमचाही बोलू दे."

"पाठवते की. सोबत माझा म्हाताराही ठेवून घ्या," फाउस्तिना म्हणाली. हसली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी इल्से आपण विणलेली टोपी चौकात सगळ्यांना दाखवत होती. टोपी झकास होती. फाउस्तिना तरातरा पुढे झाली, ती हिसकावून उलटी धरली आणि हातातल्या तांब्यातलं पाणी तिच्यात ओतलं.

हे आमच्याकडे फक्त होणारा सासरा करतो. मुलगी मागायला आलेल्या पोराच्या टोपीतून पाणी गळलं, तर पोरगा आल्या वाटेनं परत. चौकात हशा पिकला.

"जावई पसंत आहे का गं?" कोणीतरी ओरडलं.

फाउस्तिनाला एवढंच दाखवायचं होतं की या बाईला काही येत नाही. पण थेंबही गळेना.

मग हसणं थांबलं. इतकी घट्ट वीण जमेपर्यंत इथल्या पोरांना मिसरूड फुटतं. ती कोणाच्या हातची, हे सांगायची गरज नव्हती.

"तू विणलीस," फाउस्तिना सेल्सोकडे वळून म्हणाली.

"तिची सैल व्हायची," सेल्सो पुटपुटला. "ती फिरायला गेली, की मी उसवून पुन्हा..."

"का?"

"तिला वाईट वाटलं असतं."

इल्सेचा चेहरा पडला. तिला बिचारीला यातलं काही माहीत नव्हतं.

"मला काय वाटेल, याचा घोर कधी लागला होता तुला?" फाउस्तिनानं हात पुढे केला. "पट्टा सोड."

लग्नात आमच्या बायका आपल्या केसांचा पट्टा विणून नवऱ्याच्या कमरेला बांधतात. तो परत मागितलेला मी तरी कधी पाहिला नव्हता. सेल्सोनं सगळ्यांदेखत तो सोडला आणि विजार मुठीत धरून घर गाठलं.

इल्से गेली. सेल्सो कमरेला दोरी बांधून हिंडतो. फाउस्तिना मागावर बसली की शेजारी येऊन बसतो आणि बोलतो. परवा मी गेले तेव्हा मेंढीचे खूर कसे तासायचे ते तिला सांगत होता, कपाळावर घाम.

"दे की आता पट्टा त्याचा," मी म्हटलं.

"बाई, मध्ये बोलू नका," ती म्हणाली. "आत्ताशी एक पाय झालाय. तीन बाकी आहेत."